गुळाच्या चोरीपासून चंबळपर्यंत

कोकणात पेण तालुक्यात गागोदे नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या भाव्यांच्या घरात सव्वाशे वर्षांपूर्वी गुळाची एक चोरी झाली. आजोबांनी आधार दिलेला एक परका मुलगा त्या घरी राहत असे. त्याने कोणाला न विचारता गूळ घेऊन खाल्ला. घरातल्या नातवाने ते पाहिले आणि तो धावत आजोबांकडे गेला. हा मुलगा चोर आहे, अशी त्याची तक्रार. आजोबा शंभुरावांनी नातवाला जवळ बसवून समजावले, की तो चोर नाही. तो या घरात राहतो म्हणजे घर त्याचेही आहे, आणि घर त्याचे तर गूळही त्याचा. मागितला असता तर मिळालाच असता. विचारले नाही एवढे चुकले, तेव्हा पुढच्या वेळी विचारून घे असे त्याला सांगू. आणि आणखी एक गोष्ट सांगू. गूळ घेताना त्याने बहुतेक हात धुतले नसतील, तर हात धुऊन घेत जा म्हणावे.

तो नातू म्हणजे विनायक नरहरी भावे, आपले आचार्य विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५. त्यांची जयंती बहुधा गणपतीच्या दिवसांच्या मागेपुढेच येते, आणि आरत्या, वर्गणी, प्रसाद या गडबडीत ती कोणाच्या लक्षात राहत नाही. विनोबा म्हटले की भूदान, गीताई आणि पवनार एवढे आपल्याला आठवते. मी मात्र त्यांच्याकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहणार आहे. माणूस गुन्ह्याकडे का वळतो आणि वळलेल्याला परत कसे आणायचे, हा प्रश्न या माणसाच्या आयुष्यात गागोद्याच्या गुळापासून पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. त्यातला एक मोठा प्रसंग आपल्या तेलंगणात घडला, आणि तिथवर पोहोचायला विनोबा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातूनच पायी गेले होते.

हा विषय निवडायला माझे एक घरगुती कारण आहे. ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत मनात राहील. पदविका झाल्यावर मी सरकारी नोकरीत लागलो, आणि तेव्हापासून बदलीच्या गावी राहायची सवय झाली. अशाच एका गावी, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, गणपतीच्या मांडवातली दानपेटी रात्री फोडली गेली. पहाटे एक मुलगा सापडला. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. त्याला विजेच्या खांबाला बांधले आणि येणारा-जाणारा हात साफ करून जाऊ लागला. मीही तिथे होतो. मी मारले नाही, पण सोडवलेही नाही. आरतीची वेळ झाली तेव्हा त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ हातात घेतले. पेटीत काही फार पैसे नव्हते. बापाची बटाईची जमीन मालकाने काढून घेतली होती आणि आई वीटभट्टीवर जात होती, हे मला नंतर कळले. आधी विचारलेच नव्हते.

विनोबांचे वडील बडोद्याला नोकरीला होते, त्यामुळे शाळा-कॉलेज तिथेच झाले. गणितात डोके अतिशय तल्लख. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला गाडीतून उतरला आणि थेट काशीला गेला. सर्टिफिकिटे त्याआधीच चुलीत घालून झाली होती. (माझ्यासारख्या, सर्टिफिकिटांच्या झेरॉक्स प्रती साक्षांकित करून घेण्यात अर्धे आयुष्य गेलेल्या माणसाला याचा फार हेवा वाटतो.) त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात गांधीजींची भेट झाली आणि पुढचा रस्ता ठरला. १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले, १९३८ मध्ये धाम नदीच्या काठी पवनारला राहायला गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली.

त्यांचे तुरुंगवास बरेच झाले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूर आणि अकोला, १९३२ मध्ये धुळे, पुढे वेल्लोर आणि शिवनी. धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली, हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी तुरुंगाकडे आश्रमासारखेच पाहिले. ठरलेल्या वेळी उठायचे, ठरलेले काम करायचे, मिळेल ते खायचे. दळण दळायला ते स्वतः बसत. वेल्लोरच्या तुरुंगात तर त्यांनी दक्षिणेतल्या चारही भाषा शिकून घेतल्या. त्यातली तेलुगू आठ-नऊ वर्षांनी कामी आली.

चोरीविषयीचा त्यांचा विचार याच काळात पक्का झालेला दिसतो. छांदोग्य उपनिषदात अश्वपती नावाच्या राजाची कथा आहे. आपल्या राज्यात चोर नाही आणि कंजूषही नाही, असे तो राजा अभिमानाने सांगतो. विनोबांचे लक्ष या दोन शब्दांच्या जोडीवर गेले. राजाने चोराच्या शेजारी कंजुषाला का बसवले? त्यांनी लावलेला अर्थ असा की कंजूष हा चोराचा बाप आहे. एकाने गरजेपेक्षा जास्त दाबून ठेवले की दुसऱ्या कोणाच्या तरी घरी चोर जन्माला येतो. आपण मुलाला तुरुंगात घालतो आणि बापाला मोकळा सोडतो, एवढेच नव्हे तर सभेत त्याला मानाने पुढे बसवतो. मला हे वाचताना थोडे चपापल्यासारखे झाले. देणगीदारांची यादी आपणही मांडवात मोठ्या अक्षरांत लावतोच.

हे सगळे चोरांना लागू नाही, असे कोणी म्हणेल. मलाही ते तसेच वाटते. पोट भरलेले लोकही चोरी करतात, आणि सरकारी कचेरीत बसणाऱ्याला याची उदाहरणे बाहेर शोधावी लागत नाहीत. पण विनोबा गुन्ह्याला माफी द्या एवढेच सांगत नव्हते. गुन्हा कुठून आला ते आधी शोधा, आणि त्या ठिकाणी काही बदला, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे की खोटे याची परीक्षा १९५१ मध्ये झाली.

त्या वर्षी हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबा ८ मार्चला पवनारहून पायी निघाले. वाट वर्ध्याहून यवतमाळ जिल्ह्यातून, पैनगंगा ओलांडून, आदिलाबाद आणि निर्मलकडे. साधारण ३०० मैलांचे चालणे. पहाटे अंधारातच कूच करायचे, ऊन चढण्याआधी पुढच्या गावी पोहोचायचे, संध्याकाळी प्रार्थना आणि लोकांशी बोलणे, असा त्यांचा क्रम असे. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता, किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबादमध्येच होते. ते १९५६ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले आणि आपण अलीकडे राहिलो. म्हणजे विनोबा इथे आले तेव्हा या भागातल्या मराठी माणसाला सीमा नव्हती. मराठी बोलणारा, तेलुगू समजणारा, गोंडी कानावर पडलेला असा जो आपला माणूस, त्याच्यातूनच ते गेले.

तेलंगणात त्या वेळी काय चालले होते हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. देशमुख-जमीनदारांकडे हजारो एकर जमिनी, आणि कसणाऱ्याला वेट्टी. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठाव झाला. जमीनदार मारले गेले, जमिनी वाटल्या गेल्या. मग लष्कर आणि पोलीस आले आणि दिवसा यांची, रात्री त्यांची सत्ता सुरू झाली. गावकरी दोन्हीकडून भरडला गेला. सरकारदरबारी हा सरळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता.

आपल्या जिल्ह्याला हा प्रकार नवा नव्हता. जंगल आणि जमिनीवरचा हक्क मागणारा कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मारला गेला. निजामाच्या दप्तरात तो बंडखोर गुन्हेगार होता. त्यानंतर मात्र निजाम सरकारने एक शहाणपणाचे काम केले. आदिवासी का बिथरले हे पाहायला हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. तो मारलवाईला गोंडांमध्ये राहिला आणि त्याच्या सांगण्यावरून कित्येक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. आधी माणूस मारायचा आणि मग तो का उठला याची चौकशी करायची, हा क्रम उलटा आहे. तरी चौकशी झाली, हेही खरे.

विनोबांनी संमेलन आटोपल्यावर १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली. त्यांचा मार्ग विनोबांना मान्य नव्हता, पण त्यांनी दाखवलेले दुखणे खरे आहे असे त्यांचे मत होते. पोलिसांनी जंगलातल्या वाघांचा बंदोबस्त करावा, इथे मात्र डोक्यात एक विचार घेतलेली माणसे आहेत आणि विचार बंदुकीने जात नाही, असे ते म्हणत. तिथून ते नलगोंडा जिल्ह्यात शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित वस्तीतल्या लोकांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. ४० कुटुंबांसाठी ८० एकर. सरकारकडे अर्ज करायचा तर वर्षे जाणार. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की यांच्यासाठी काही करता येईल का. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. पुढच्या ५१ दिवसांत तेलंगणातून सुमारे १२,००० एकर जमीन मिळाली. परतीची वाटही मंचेरियालकडून, म्हणजे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातूनच गेली.

भूदानाचा पुढचा हिशेब सांगताना हात आखडता घेण्यात अर्थ नाही. देशभरात ४० लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर मिळाली, पण त्यातली बरीच खडकाळ, वादातली किंवा पुन्हा मूळ मालकाच्याच ताब्यात राहिलेली निघाली. दानपत्र, मोजणी, फेरफार आणि प्रत्यक्ष ताबा यांत किती अंतर असते हे महसुलाच्या कागदांशी संबंध आलेल्याला विचारा. विनोबा चालत पुढे गेले आणि मागे कागद सांभाळणारी माणसे पुरेशी नव्हती. ही त्या चळवळीची मोठी उणीव होती असे मला वाटते. उठाव थंडावला तो केवळ भूदानाने, असेही नाही. लष्कराचा रेटा होता, आणि त्याच वर्षी पक्षाने लढा मागे घेतला. पण हिंसा आणि जमीन यांची गाठ एवढी सरळ गावकऱ्यांपुढे कोणी ठेवली नव्हती.

नऊ वर्षांनी चंबळ आले.

मानसिंग हे नाव जुन्या पिढीला माहीत आहे. त्याची टोळी आग्रा, भिंड, मुरैना भागात वर्षानुवर्षे फिरत होती. १९५५ मध्ये तो चकमकीत मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग याला फाशीची शिक्षा झाली होती आणि तो नैनीच्या तुरुंगात होता. विनोबा काश्मीरच्या पदयात्रेत असताना त्याचा निरोप पोहोचला. मरण्यापूर्वी विनोबांना भेटायची त्याची इच्छा होती. विनोबांनी आपल्या वतीने मेजर जनरल यदुनाथसिंग यांना पाठवले. बाकीच्या साथीदारांनाही विनोबांनी या मार्गातून सोडवावे, असे तहसीलदारसिंगाचे म्हणणे होते. त्याची स्वतःची फाशी पुढे जन्मठेपेवर आली.

मे १९६० मध्ये, ऐन उन्हाळ्यात, ६४ वर्षांचे विनोबा त्या बीहडात चालत शिरले. तिथली जमीन पाहिली की अर्धी गोष्ट कळते असे म्हणतात. पावसाने माती कापून कापून घळी झालेल्या, दरवर्षी कोणाचे तरी शेत त्यात जाते. उरलेल्या शेताच्या बांधावरून भांडण. भांडणात अपमान, अपमानाचा सूड, सुडात खून. खून झाला की माणूस घळीत उतरतो, आणि एकदा उतरला की वर यायला वाट नाही. वर फाशी आहे, खाली टोळी आहे. पोलिसांचा खबऱ्या म्हणून एखाद्याला टोळी मारते, टोळीला भाकरी दिली म्हणून दुसऱ्याला पोलीस मारतात, आणि त्या दोघांचे मुलगे पुन्हा बंदूक घेतात. तिथले लोक यांना डाकू म्हणत नसत, बागी म्हणत. या शब्दात थोडा मान आहे, आणि तो मान हेही गुन्हा टिकण्याचे एक कारण होते.

विनोबांनी तिथे केले ते फार साधे होते. गावोगावच्या प्रार्थनासभेत हा डाकूंचा मुलूख नव्हे, सज्जनांचा मुलूख आहे, असे ते सांगत राहिले. शरण येणाऱ्यांना सुटकेचे आश्वासन त्यांनी दिले नाही. केलेल्या कर्माची शिक्षा भोगावी लागेल, खटले चालतील, मात्र तुमचा छळ होणार नाही आणि मागे बायकामुलांकडे पाहिले जाईल, एवढेच ते सांगत. मला यात गागोद्याचे आजोबा दिसतात. गूळ तुझाच आहे, पण हात धुऊन ये. एकूण २० जणांनी शस्त्रे ठेवली. त्यांत लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्का हा मानसिंगाच्या टोळीतला नामांकित माणूस होता. दुर्बीण लावलेली रायफल त्याने विनोबांपुढे ठेवली. पुढे खटले झाले, काहींना शिक्षा झाल्या, काही सुटले. त्यांच्या आणि पीडितांच्या कुटुंबांत काम करायला चंबळ घाटी शांती समिती उभी राहिली.

या सगळ्यावर सडकून टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत एक आपल्या बाजूचाच माणूस होता. मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीचे. जीव धोक्यात घालून टोळ्यांशी लढणाऱ्या शिपायांचे काय, डाकूंना हारतुरे मिळू लागले तर त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, असा त्यांचा रोख होता. ज्यांच्या घरची माणसे मारली गेली होती त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा होता. मला रुस्तमजींचा राग समजतो. विनोबांच्या मिशनमध्ये ही बाजू हलकी राहिली होती. पण पुढची गंमत पाहा. हेच रुस्तमजी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून बिहारच्या तुरुंगांत फिरले, आणि खटलाच न चालता वर्षानुवर्षे सडणाऱ्या कैद्यांविषयी त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. त्यातूनच १९७९ चा हुसैनारा खातूनचा गाजलेला खटला उभा राहिला आणि हजारो कच्चे कैदी सुटले. दोघे दोन टोकांनी निघाले होते.

चंबळ काही २० माणसांनी शांत झाले नाही. १९७१ मध्ये टोळ्यांनी पुन्हा विनोबांकडे निरोप धाडला. ते आता पवनार सोडत नव्हते, म्हणून त्यांनी जयप्रकाश नारायणांकडे बोट दाखवले. माधोसिंग हा टोळीप्रमुख रामसिंग नावाचा ठेकेदार बनून जयप्रकाशांच्या पाटण्याच्या घरी पोहोचला, आणि एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यात जौराला मोठे समर्पण झाले. या वेळी फाशी होणार नाही हे सरकारशी बोलून आधीच ठरवले होते, मागच्या कुटुंबांची सोय पाहिली होती. १९६० च्या चुकांवरून एवढे शिकले गेले होते. त्यांच्यासाठी मुंगावलीला खुला तुरुंग काढला. खुल्या तुरुंगाची कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. औंधच्या राजांनी १९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून खुनाच्या कैद्यांना शेतीला लावले होते. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच निघाला.

विनोबांची शेवटची वर्षे पवनारला गेली. आणीबाणीतली त्यांची भूमिका पुष्कळांना रुचली नाही, मलाही पटत नाही. गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले आणि १५ तारखेला, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. भारतरत्न पुढच्या वर्षी मिळाले.

त्या दानपेटीवाल्या मुलाचे पुढे काय झाले ते राहिले. सुधारगृहातून तो परत आला तेव्हा गावात त्याला सगळे त्याच एका नावाने हाक मारत. शाळेने घेतले नाही, कामावर कोणी ठेवले नाही. दोन-तीन वर्षांनी मोटारसायकल चोरीत त्याचे नाव आले आणि गावकरी म्हणाले की बघा, आम्ही म्हणतच होतो. माझी बदली झाली. आता तो कुठे आहे ते मला माहीत नाही. यंदा मंडळाच्या बैठकीत दानपेटीला दोन कुलपे लावायचे ठरले, त्याला मीही हात वर केला. मात्र रात्रीच्या पहाऱ्यावर कोणी सापडले तर आधी त्याला पाणी द्यायचे आणि नाव, गाव, घर विचारायचे, हात कोणी लावायचा नाही, हेही वहीत लिहून घेतले आहे.

एक विनंती. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा आपल्या भागातून गेले तेव्हा तलमडुगु किंवा आसपासच्या गावांतून कोणी बंडी जुंपून त्यांना पाहायला गेले होते का, याची आठवण कोणाच्या घरी आजी-आजोबांकडून ऐकलेली असेल तर ती कृपया मंडळाकडे लिहून द्यावी. मराठीत किंवा तेलुगूत, कशीही चालेल. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापू.